आमच्या घरची सात मतं

आमच्या घरात सात मतं होती. ही मोजदाद माझी नव्हे, नानांची. नाना म्हणजे माझे वडील, जंगल खात्यात हेडक्लार्क. येईल-जाईल त्याला ते चहाच्या आधी ही सात मतं ऐकवत, जणू ती त्यांनी स्वतः पेरून उगवली होती. पहिलं अर्थातच त्यांचं, मग आईचं, मग धाकटे काका, काकू, काकांचा मुलगा दत्तूदादा, त्या वर्षी एकविसाची झालेली मी, आणि शेवटी आत्या. खरं तर आत्याचं नाव आधी घ्यायला हवं, कारण हे सगळं तिच्यामुळे घडलं. पण आमच्या घरात तिचं नाव नेहमी शेवटीच घेतलं जाई, अगदी तिच्या स्वतःच्या निवडणुकीतसुद्धा, म्हणून ते तसंच राहू देते.

माधवनगरातलं आमचं घर भाड्याचं, पण ऐसपैस होतं. आम्ही उज्जैनचे मराठी. आमचे कोणी पूर्वज दरबारच्या नोकरीत इकडे आले आणि त्या नोकरीचा ताठा नोकरी संपल्यावरही कित्येक पिढ्या पुरला. भाषा मात्र केव्हाच ढिली झाली होती. नाना साहेबापुढे हिंदी बोलत, भाजीवालीपुढे माळवी, आणि घरात जे बोलत त्याला मराठी म्हणायचं. सकाळी मिलचा भोंगा झाला की काकू पोहे टाकी. पोह्यांवर शेव आणि जीरावनचा मसाला पडल्याशिवाय आमच्याकडे कोणी तोंड उघडत नसे आणि ते पडल्यावर कोणी मिटत नसे. नाना वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, काका प्रत्येक बातमीला ‘बघा!’ म्हणत आणि दत्तूदादा देश कसा चालवायला हवा ते सांगे. देवास गेटच्या स्टँडवरून काकांची एक बस सुटत असे. एकच, आणि तीही निम्मा वेळ बॉनेट उघडं टाकून उभी. पण त्या एका बसच्या जोरावर सगळ्या देशाची गाडी कुठे अडली आहे ते दत्तूदादाला बसल्या जागी कळे. आत्या तेवढी बोलत नसे. पोहे संपवून, स्वतःची बशी विसळून, छत्री घेऊन ती शाळेत निघे.

आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन भावांकडे परत आली होती. मग ती शिकली, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली आणि पुढे मुख्याध्यापिका. दरबारचं राज्य असताना तिने पक्षाचं काम केलं, मोर्च्यांत गेली, तीन महिने तुरुंगात काढले. तिच्यावरच्या खटल्यात सरकारतर्फे उभे राहिले ते अण्णासाहेब निंबोळकर वकील. तेव्हा ते जरीची पगडी घालत. स्वातंत्र्य आलं तशी पगडी गेली, पांढरी टोपी आली आणि दोन-तीन वर्षांत वकीलसाहेब पक्षाच्या जिल्हा कमिटीवर जाऊन बसले. हे त्यांनी एकट्यानेच केलं असं नाही, गावातले शिंपी तेव्हा टोप्या शिवून थकले होते. पण वकीलसाहेबांच्या टोपीची इस्त्री सगळ्यांत कडक असे. आत्या मात्र होती तशीच राहिली. दर शनिवारी दुपारी ती टांग्याने भैरवगडला जाई आणि तिथल्या कापड छापणाऱ्या कारागिरांच्या बायकांना अक्षरओळख शिकवी. परत आली की तिच्या पातळाला रंगाचा वास येई आणि काकू नाक मुरडून तिचं पातळ वेगळं वाळत घाली.

त्या कार्तिकात आमचं राज्य बदललं. मध्यभारत म्हणून जे काही होतं ते गेलं, राजधानी भोपाळला झाली आणि कचेऱ्यांतल्या फायली लाकडी खोक्यांत भरल्या जाऊ लागल्या. फायलींबरोबर कोणाकोणाला पाठवायचं याची यादी निघायची होती. त्या यादीत आपलं नाव येईल या धास्तीने नानांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. काकांना आणि दत्तूदादाला नव्या राजधानीच्या रस्त्यावर बसचं परमिट हवं होतं. या दोन्ही गोष्टी वाचणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात, कारण पुढचे दोन महिने आमच्या घरातले पुरुष त्या विसरून गेल्याचं सोंग करणार होते.

त्यातच निवडणूक आली. पक्षाच्या जिल्हा कमिटीत बरीच हमरीतुमरी झाली, एकाने दुसऱ्यावर चहाचा कपही फेकला म्हणतात, पण शेवटी जास्त हात आत्याच्या नावाला वर झाले आणि तिचं नाव वर गेलं. वरून यादी परत आली तेव्हा तिच्यात निंबोळकर वकील होते. कारण असं कळलं की बाई प्रामाणिक आहेत, त्यांचा त्याग मोठा आहे, पण त्या निवडून येण्याजोग्या नाहीत. त्यागाचा उल्लेख झाला की माणसाला काही मिळणार नाही हे समजून घ्यावं, ही अक्कल मला त्या वेळी आली आणि नंतर कधी चुकीची ठरली नाही.

बातमी आली तो रविवार होता. बाहेरची खोली माणसांनी भरली. सगळे पक्षाचे जुने कार्यकर्ते, सगळे संतापलेले, आणि काकू आत तिसऱ्यांदा पोहे भिजवत होती. आत्या दाराशी वेताच्या मोड्यावर बसली होती. तिला फारसं कोणी काही विचारत नव्हतं. तिच्यावर अन्याय झाला होता, त्यामुळे तिच्या मताची तशी गरज नव्हती.

“इंदू, तू उभी राहा,” नाना म्हणाले. “अपक्ष. त्या पगडीवाल्याला पाडूनच दाखवू.”

“पक्षाच्या विरुद्ध?” आत्या म्हणाली. “नाना, मला नाही जमणार ते.”

“पक्ष कोण गं ताई? पक्ष मतलब आपण!” काका उठून उभे राहिले. “हे वरचे लोक काय उज्जैनला येऊन मत देऊन राहिलेत?”

“माझी नोकरी जाईल. शाळेच्या कमिटीवर तेच वकीलसाहेब अध्यक्ष आहेत. उभी राहिले की राजीनामा मागतील.”

“मागू दे ना! फेकून दे तोंडावर,” दत्तूदादा म्हणाला. त्याने आयुष्यात तोवर एकही नोकरी केली नव्हती.

“गेली तर गेली,” नाना म्हणाले. “हे घर आहे ना? मी आहे ना? तू कशाला परेशान होतेस?”

आत्याने हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाली, “मी हरेन, नाना. ते मला ठाऊक आहे आणि त्याचं काही नाही. पण माझ्यामागे माझं घर आहे एवढं लोकांना दिसायला हवं. नुसती भांडणापुरती मला उभी करणार असाल तर आत्ताच सांगा. शाळा सोडली की माझ्याकडे दुसरं काही उरत नाही.”

हे ऐकून नानांना भरून आलं. त्यांना फार लवकर भरून येई. ते आत गेले आणि देवघरातून बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा घेऊन आले. आमचं कुलदैवत खंडोबा. बेलाचं पान आणि देवाची हळद तळहातावर घेऊन जे बोलायचं ते देवाच्या साक्षीने, यालाच बेलभंडारा उचलणं म्हणतात, आणि एकदा उचलला की विषय संपला. मी लहान असताना काकूची नथ हरवली होती तेव्हा मोलकरणीला उचलायला लावला होता. नथ पुढे काकूच्याच उशीच्या अभ्ऱ्यात सापडली. मोलकरणीची माफी कोणी मागितल्याचं मला आठवत नाही. पण शपथेवरचा आमचा विश्वास त्याने कमी झाला नाही.

नानांनी उचलला. “त्या निंबोळकराच्या पेटीत माझं मत पडणार नाही.” काकांनी उचलला. दत्तूदादाने उचलला आणि वर ‘जय मल्हार’ असं ओरडला. मग मी हात पुढे केला. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं ते पहिलं मत होतं, मी बी.ए. होऊन घरी बसले होते आणि आत्या म्हणजे माझा जीव की प्राण. माझा आवाज सगळ्यांत मोठा लागला. आई आणि काकू दारात उभ्या होत्या. त्यांच्यापुढे पान आलं तेव्हा नाना म्हणाले, “त्यांचं काय, त्या आपण सांगू तिकडेच देणार.” हे ते एका बाईला निवडून आणण्याच्या सभेत म्हणत होते. आत्याने मान खाली घातली. मला वाटलं तिला रडू येतंय. आता वाटतं ती हसू दाबत असावी, पण खात्री देत नाही.

तिने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. निवडणुकीत तिला चिन्ह मिळालं शिडीचं. वर्गणीतून एक टांगा ठरवला, त्याला कर्णा बांधला आणि दत्तूदादा त्यात बसून गल्ल्यागल्ल्यांतून “शिडी! शिडी! शिडी!” असं ओरडत फिरू लागला. आत्याचं नाव घ्यायचं तो निम्म्या वेळा विसरे. पोरं टांग्यामागे धावत आणि विचारत, “भैया, शिडी चढके किधर जाना है?” आत्या कर्ण्यातून बोलत नसे. ती घराघरांत जाई, चुलीपाशी बसे, बायकांना मतपत्रिका म्हणजे काय, ती पडद्यामागे कशी टाकायची ते समजावून सांगे. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. बायकांना भीती वाटे की कागद टाकताना कोणी बघेल. “कोणी बघत नाही,” आत्या सांगे. “तिथे तुम्ही एकट्या असता. नवरासुद्धा नसतो.” हे ऐकून त्यांना हसू येई. आमच्या घरात मात्र हे वाक्य सगळ्यांनी नीट लक्षात ठेवलं होतं.

एका सोमवारी दुपारी आत्या प्रचारासाठी भैरवगडला गेली असताना निंबोळकर वकील आमच्याकडे आले. एकटेच आले, हातात काठी, चेहऱ्यावर घरच्या माणसाचं हसू. ज्याला पाडायची शपथ घेतली होती तो माणूस दारात आल्यावर आमच्या घराने काय केलं? त्याला आरामखुर्ची दिली. सोमवारचा उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी झाली होती, ती काकूने दाण्याचं कूट वाढवून, वर खोबरं-कोथिंबीर घालून आणली. वकीलसाहेबांनी दोनदा मागून घेतली.

“भाई, मी रागावलो बिल्कुल नाही,” ते म्हणाले. “शादी में फूफाजी रूठते ही हैं. मांडवात एक तरी आतोबा कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेच पाहिजेत, त्याशिवाय लग्न लग्न वाटत नाही. पण पंगत बसली की तेही पाटावर येतात. नाना, तुमची ती भोपाळची यादी अजून निघाली नाही ना? मी परवा तिकडेच जाऊन राहिलो आहे.”

नानांनी पाण्याचा तांब्या वकीलसाहेबांच्या जवळ सरकवला.

“आणि परमिटचा अर्ज कुठे अटकला ते मला एकदा दाखवा,” ते काकांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “शरयू, इंदूताईंनी शाळा सोडली, मोठं नुकसान झालं. वरच्या बाईंना बढती देऊ, म्हणजे खाली एक जागा रिकामी होते. बी.ए. झालेली मुलगी हवी. घरातली जागा घरातच राहिली तर बरं, काय?”

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. लाज नंतर वाटली, चांगली दोन-तीन तासांनी. धारच्या एका बिजवराकडून मला मागणी आली होती, दोन मुलांचा बाप, पुढचे दात सोन्याचे, आणि वैशाखात उरकून टाकायचा बेत नाना-काकांनी जवळजवळ पक्का केला होता. नोकरी लागली तर तो बेत मोडता येणार होता. असं माझं कारण होतं. कारण प्रत्येकाकडे असतं आणि प्रत्येकाला आपलं तेवढं खरं वाटतं. वकीलसाहेब गेल्यावर खोलीत कोणी कोणाकडे बघेना. आई बश्या गोळा करता करता भिंतीला म्हणाली, “ज्याला शपथ मोडायची असेल त्याने निदान आपली बशी विसळून ठेवावी.” कोणी उठलं नाही.

त्यानंतर आमच्या कोठीतली तूरडाळ उतरू लागली. डाळ, तांदूळ, गूळ, तूप, सगळंच थोडं थोडं. काकूने उंदरांना बोल लावले. आई म्हणाली, “हल्लीचे उंदीर शिधा बांधून नेतात वाटतं. फडक्यासकट.” मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, कारण मी माझ्याच विवंचनेत होते. बेलभंडारा उचलला होता. बी.ए. झाले असले तरी खंडोबाची भीती गेली नव्हती. आमचे उपाध्याय गोविंदभट रामघाटावर बसत. त्यांना विचारावं, असं ठरवून एका सकाळी मी कोठीतून पावशेर तांदूळ, डाळ, गुळाचा खडा घेतला, काकूच्या जुन्या जांभळ्या लुगड्याच्या फडक्यात बांधला आणि मैत्रिणीकडे जाते म्हणून निघाले.

घाटावर ऊन नुकतं उतरलं होतं. गोविंदभट त्यांच्या लाकडी छत्रीखाली बसून दात कोरत होते. मी अडखळत विषय काढला. एखाद्याने बेलभंडारा उचलला असेल, पण परिस्थिती बदलली असेल, तर... त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही.

“निंबोळकराचाच ना?” ते म्हणाले. “ठेव त्या बाजूला.”

त्या बाजूला चटईच्या टोकाशी तीन पुरचुंड्या होत्या. तिन्ही जांभळ्या लुगड्याच्या, हिरव्या काठाच्या. मी हातातली चौथी तिथे ठेवायची विसरून बघत उभी राहिले.

“ही नानांची, ही बाळची, ही दत्तूची,” गोविंदभट म्हणाले. बाळ म्हणजे आमचे काका. “परवा, काल आणि आज. प्रत्येक जण मला बोलून राहिला की घरात कळू देऊ नका. आज तर दत्तू वर गेला आणि तू खाली आलीस. अगं, सगळे एकदम आले असते तर एकाच संकल्पात उरकलं असतं. मंत्र तर तोच आहे.”

“गुरुजी, पण असं सोडवता येतं? शास्त्रात आहे?”

“शास्त्रात नाही. पण यजमान अडून राहतो, मग सोय करावी लागते.”

“आणि आत्या? ती आली होती?”

“ती कशाला येईल? तिने कुठे काय उचललं होतं? तिच्याकडून कोणी मागितलंच नाही ना.”

तिथून मला परत फिरता आलं असतं. पुरचुंडी उचलून घरी जाता आलं असतं, पोह्यांच्या वेळी सगळ्यांसमोर ती ठेवून ‘बाकीच्या तीन घाटावर आहेत’ एवढंच म्हणता आलं असतं. आत्याला सावध करता आलं असतं, तिचा राजीनामा अजून मंजूर व्हायचा होता. हे सगळं मला तेव्हा सुचलं, नंतर नव्हे. आणि मला जे वाटलं ते असं, की चला, मी एकटी नाही. मी पायरीवर बसले, क्षिप्रेचं पाणी ओंजळीत घेतलं, गोविंदभट म्हणाले ते त्यांच्यामागून म्हटलं आणि पाणी सोडून दिलं. निघताना ते म्हणाले, “आईला सांग, तांदळात खडे फार निघून राहिले आहेत.”

हल्ली निवडणूक आली की टीव्हीवर चार शहाणे बसतात. तिकीट कापलेल्याचे लोक आता काय करतील, नाराज मतदार घरी बसेल की उलटा जाईल, अशी त्यांची चर्चा तासभर चालते. माझी नात मोठ्या भक्तिभावाने ऐकते. मी तिला एकदा म्हटलं, बंद कर ते, मी सांगते. नाराज मतदार आधी मोठ्याने रडतो, मग खिचडी वाढतो आणि मग पक्षाच्या पेटीत कागद टाकून येतो. नात म्हणाली, “आजी, तू किती कडू बोलतेस.” बोलते. मी आतून बघितलेलं आहे, त्या शहाण्यांनी बाहेरून. आणि पुढचंही इथेच सांगून टाकते, म्हणजे मनाला रुखरुख नको. नानांचं नाव यादीतून गळलं, ते शेवटपर्यंत उज्जैनलाच राहिले. परमिट वकीलसाहेबांच्या भाच्याला मिळालं. काकांनी पुढची दहा वर्षं त्याला हरामखोर म्हटलं आणि दर निवडणुकीत वकीलसाहेबांनाच मत दिलं.

मतदान आत्याच्याच शाळेत होतं, तिसरीच्या वर्गात. काकूने नथ घातली, आईने ठेवणीतलं इरकली नेसलं, नानांनी कोट चढवला. आम्ही सहा जण रांगेत उभे राहिलो. आत्याने सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन आपलं मत दिलं होतं आणि ती फाटकाबाहेर निंबाखाली छत्री घेऊन उभी होती. तिच्या शाळेतल्या जुन्या मुली येऊन नमस्कार करत होत्या. आम्ही जवळून गेलो तेव्हा नानांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “काळजी करू नकोस इंदू,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. मला आजही सगळ्यांत जास्त चीड त्या डोळ्यांची येते.

माझ्या बोटाला शाई लावली, हातात कागद दिला. पडद्यामागे एका बाकावर पेट्या ओळीने मांडलेल्या. शिडीची पेटी टोकाला होती. भिंतीवर आत्याच्या अक्षरातली बाराखडी तशीच टांगलेली होती. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे, पण बाहेरून अधिकाऱ्याचा आवाज आला, “बहनजी, जल्दी कीजिए, लाइन लगी है.” मी कागद पक्षाच्या पेटीत टाकला आणि बाहेर आले. शाई वाळली नव्हती म्हणून बोट पदराला लागू नये अशी काळजी घेत चालले, एवढं मला स्वच्छ आठवतं.

निकाल लागला तो सगळ्यांना ठाऊक असल्यासारखाच लागला. वकीलसाहेब आरामात आले. आत्या मोजणीला स्वतः बसली होती आणि संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला टांग्याने परतली. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत तोंडं पाडून बसलो होतो. तिने छत्री जागेवर ठेवली, पाय धुतले आणि मग सांगितलं, “भैरवगडला माझी पेटी भरली होती. तिथल्या बायकांनी दिली. त्यांच्यापैकी कोणालाही मी मत द्या म्हणून शपथ घातली नव्हती.” मग म्हणाली, “आपल्या बूथवरच्या पेटीत एक निघालं. अधिकाऱ्याने पेटी उलटी करून दोनदा ठोकली. एकच होतं.”

एवढं बोलून ती आतल्या खोलीत गेली. हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या आल्या होत्या, त्या पुढ्यात घेऊन ती दाणे सोलू लागली. मीही तिच्यासमोर बसून सोलू लागले, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. पेटीतलं ते एक मत कोणाचं, याबद्दल मला शंका नव्हती. तिचं स्वतःचं. तिला तर शंका असण्याचं कारणच नव्हतं, तिने ते स्वतःच्या हाताने टाकलं होतं.

पहिल्यांदा नाना आले. दारातच उभे राहिले. “इंदू, बाकीच्यांचं मला माहीत नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण ते एक माझं होतं.”

आत्याने मान वर केली. “हो रे नाना. मी ओळखलं.”

ते गेले. थोड्या वेळाने काका आले, माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. “ताई, लोक फार नालायक निघाले गं. पण तुला सांगतो, खंडोबाची आण, ते एक मत...”

“तुझं. ठाऊक आहे मला, बाळ.”

मग दत्तूदादा आला. त्याचा घसा बसला होता, त्यामुळे त्याला फार बोलता आलं नाही. त्याने नुसतं छातीवर बोट ठेवलं. आत्या म्हणाली, “हो हो, तुझंच रे. जा, मिठाच्या पाण्याने गुळण्या कर.” मग काकूसुद्धा आली. यांनी सांगितलं होतं तिकडे, पण पडद्यामागे गेल्यावर मला काही राहवलं नाही वन्सं, असं म्हणून तिने डोळ्याला पदर लावला. आत्याने तिलाही मत देऊन टाकलं. आत्याचा आवाज चढला नाही, हात थांबले नाहीत, घाटे फुटण्याचा बारीक आवाज तेवढा होत राहिला. मला वाटत होतं तिने एकदा तरी ताट भिरकावून द्यावं.

शेवटी आई आली. सोललेल्या दाण्यांची वाटी उचलली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “वन्सं, माझं नव्हतं ते. यांची बदली झाली असती तर बिऱ्हाड मला हलवावं लागलं असतं. मी तिकडेच टाकलं.”

आत्याने पहिल्यांदाच हातातलं काम थांबवलं. “बरं केलंत वहिनी, सांगितलंत ते,” ती म्हणाली. आई वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली.

मग आम्ही दोघीच राहिलो. आईसारखं सांगून टाकावं एवढंच मला करायचं होतं. घाट, पुरचुंड्या, शाळेतली जागा, सगळं. मी तोंड उघडलं आणि माझ्या कानांनी ऐकलं की मी म्हणते आहे, “आत्या, ते मत...”

“शरू,” आत्या म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती आणि अगदी वर्गात मुलीला समजावतात तशा आवाजात बोलली. “एकच होतं गं. चौघांना देऊन झालं. आता तुला कुठून देऊ?”

मी पुढची जुडी ओढून घेतली. पुढच्या सोमवारी दहा वाजता मी तिच्या शाळेत रुजू झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच नोकरी केली.